मुदपाकाच्या दाराने

हनुवटी खोबणीत टेकवा, कपाळ पट्टीला लावा, आता पापणी हलवू नका, असं चष्मेवाल्या लाउने सांगितलं आणि मी तसं केलं, आणि त्या यंत्राने माझ्या उजव्या डोळ्यावर हवेची फुंकर मारली, आणि नेमक्या त्याच क्षणी तो म्हणाला, "चिकगू, भावाची काळजी करू नका. तो सुटणारच. सुलतान तुमच्या आईच्या अंगावर प्यायलेत ना?"

दचकले ते फुंकरीने की त्याच्या बोलण्याने, हे मला अजूनही सांगता येणार नाही. डोळा मिटला, पाणी आलं. खोबणीत हनुवटी अडकलेली असली की होकारही देता येत नाही आणि नकारही. मी नुसतं हूं केलं. "आता डावा," लाउ म्हणाला. तो चांगला माणूस आहे. त्याच्या मुलीला मी गणित शिकवलं, आणि क्वालालंपूरच्या या गल्लीत मी निवृत्त झाल्यावरही सगळ्यांची चिकगूच राहिले, म्हणजे बाई. त्याने मला दिलासाच दिला होता. पण सुटणारच हे तो अशा सुरात म्हणाला, ज्या सुरात लोक उद्या शुक्रवार आहे असं म्हणतात. गुरुवारी निकाल होता. न्यायाधीशांना अजून काही बोलायचं होतं, वकिलांची भाषणं नुकतीच संपली होती, साक्षीदार येऊन गेले होते, आणि या चष्म्याच्या दुकानात ते सगळं आधीच आटपून ठेवलेलं होतं. कारण काय, तर माझ्या आईचं दूध.

त्याने डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले होते, त्यामुळे बाहेर पडले तेव्हा रस्ता पांढरा झाला होता. गाड्यांच्या टपांवरून ऊन उडून डोळ्यांत येत होतं. फळवाल्याच्या ढिगातला प्रत्येक रांबुतान स्वतःच्या केसांतून जळत होता. मी भिंतीला हात लावून चालले, आणि डोळ्यांना असं इतकं उघडं ठेवलं की आत जे येतं ते अडवता येत नाही म्हणूनच असेल, पण मला आई दिसली. आई नव्हे, तिची पाठ. राजवाड्याच्या मागच्या पडवीत चटईवर बसलेली, भिंतीकडे तोंड करून. राणीसाहेबांना बाळंतपणानंतर ताप आला होता आणि तो उतरेना, म्हणून गावातून आईला आणलं, कारण आईच्या कडेवर माझा धाकटा भाऊ बदरुल होता आणि आईला दूध उदंड होतं. मी तेव्हा पाच वर्षांची, हातात ताडाचा पंखा. आईच्या एका बाजूला एंगकू, दुसऱ्या बाजूला बदरुल. एंगकू म्हणजे तो राजाचा मुलगा, आजचा सुलतान; तेव्हा त्याला तेवढंच नाव होतं. बदरुल आधी संपवायचा आणि मग हात लांब करून त्या दुसऱ्याचं डोकं चाचपायचा, आणि दुसरा पिता पिता थांबायचा. आंबूस वास, कापराचा वास, आणि माझ्या मनगटाला लागलेली कळ. आमच्या धर्मात असं प्यायलेलं मूल सख्खं होतं. त्याच्याशी लग्न नाही, त्याच्यापासून पडदा नाही. हे आमच्यात इतकं साधं आहे की यात राज्याचा काही संबंध येतो हे मला साठ वर्षं कळलंच नव्हतं. आता कळलं. गेल्या वर्षी बदरुलवर खटला उभा राहिला, आणि टीव्हीवर चार पुरुष अर्धगोल टेबलाभोवती बसून माझ्या आईच्या छातीबद्दल बोलू लागले. एक जण म्हणाला, ही दुधाची निष्ठा आहे, सुलतान गप्प बसूच शकत नाहीत. दुसरा म्हणाला, गप्प बसलेत हाच इशारा आहे. आई वारली आहे ते एक बरं झालं, असं मला तेव्हा वाटलं, आणि मग असं वाटल्याचं वाईट वाटलं, आणि मग पुन्हा बरंच वाटलं.

घरी पोचले तर फोन वाजत होता. फाएझा, बदरुलची बायको; मला कक म्हणते, म्हणजे ताई. ती फोनवर आधी रडते आणि मग नमस्कार करते.

"कक रोस, आता तुम्हीच जायचं."

"कुठे?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नका कक. वाड्यावर. वकील म्हणतो पन्नास-पन्नास. पन्नास-पन्नासवर मी नवऱ्याला सोडू? अख्ख्या राज्यात एकच बाई आहे जी त्यांच्यासमोर उघड्या डोक्याने बसू शकते, आणि ती क्वालालंपूरला बसून चष्मे करतेय!"

"ते कोर्टाच्या कामात बोलत नाहीत फाएझा. सगळ्या जगाला सांगून झालंय त्यांचं."

"जगाला सांगितलंय. बहिणीला सांगितलंय का? मागच्या दाराने जा, कोणाला पत्ता लागायचा नाही. एक शब्द. सरकारी वकिलाकडे नुसती मान वळवली तरी पुरे. तुमच्या आईने पाजलं म्हणून ते जगलेत हो!"

मागून बदरुलचा आवाज आला, "दे सोडून," पण तो फोनवर आला नाही. माझा भाऊ राज्याचा जमीनमंत्री होता. सभेत तीन तास बोलायचा. त्या दिवशी त्याचे ते दोन शब्द मला पंख्याच्या आवाजातून वेचून घ्यावे लागले.

मी जाते म्हणाले. 

मग ते वाक्य सुरू झालं, सुलतानांना तुआन्कू म्हणून हाक घालणारं. रात्री भात शिजवताना, पहाटे नमाजानंतर, आणि मंगळवारी गाडी चालवताना हमरस्त्यावर. तुआन्कू, या दासीचं एक मागणं आहे, आपल्या दूधभावावर कृपादृष्टी असावी. फार लांब. तुआन्कू, बदरुलवर दया असावी. पण दया म्हणजे त्याने केलं असं मीच म्हटल्यासारखं झालं. तुआन्कू, बदरुल निर्दोष आहे. हे मला माहीत आहे का? तुआन्कू, बदरुलसाठी एक शब्द. कोणता शब्द? टोलनाक्याजवळ नुसतं तुआन्कू, बदरुल उरलं, आणि पुढे डोंगर लागले तसं नुसतं तुआन्कू. वाक्य माझ्या तोंडात गोळीसारखं विरघळत होतं आणि मला त्याचं दुःख होत नव्हतं. हे मी लिहितेय तितकं मला त्या वेळी स्पष्ट नव्हतं.

आणि टेकडी दिसली. ती हमरस्त्यावरून दिसत नाही, दिसू शकतच नाही, आमचं गाव आत आहे. पण मला दिसली. दोन वर्षांपूर्वी आईच्या कबरीवर फुलं घालायला आम्ही दोघं गेलो होतो. कबरस्तानाच्या मागे जी टेकडी, जिच्यावर लहानपणी सकाळी माकडं ओरडायची, ती सोललेली होती. तांबडी. पावसाने तिच्यावर नखांनी ओरबाडल्यासारख्या ओघळी केल्या होत्या आणि ती माती ओढ्यातून कबरस्तानाच्या कुंपणापर्यंत आली होती. खटला याच टेकडीचा आहे: राखीव जंगल कोणाला, कसं, कशाच्या बदल्यात तोडायला दिलं. तेव्हा खटला नव्हता. मी म्हणाले, "बदरुल, टेकडी गेली रे." तो आईच्या कबरीवर पाणी ओतत होता. म्हणाला, "झाडं परत येतात कक." आणि त्याने वर बघितलं नाही. आम्ही तिथे होतो तोवर त्याने एकदाही त्या दिशेला बघितलं नाही; गाडी वळवतानासुद्धा त्याने आरशात बघितलं, मान वळवली नाही. एवढंच. हा पुरावा नव्हे. भाऊ एका बाजूला बघत नाही एवढ्यावरून कोणी काही म्हणू नये. पण तेव्हापासून मला एक गोष्ट हवी आहे आणि ती मी कोणाकडे मागू शकत नाही: ज्याला माझ्या आईचं दूध ठाऊक नाही असा एखादा माणूस सगळे कागद बघून मला सांगू दे, की त्याने केलं, किंवा नाही केलं. एंगकूने मान वळवली, बदरुल सुटला, तर तो सुटेल आणि मी अडकेन. मरेपर्यंत मला त्या टेकडीचं काही कळणार नाही.

वाड्यासमोर लोक बसले होते. बदरुलच्या पक्षाचे एका झाडाखाली, विरोधी पक्षाचे दुसऱ्या झाडाखाली, आणि मधे एकच सरबतवाला दोघांना गार पाणी देत होता. एका फलकावर लिहिलं होतं, तुआन्कू, आपल्या भावाला वाचवा. दुसऱ्यावर, तुआन्कू, राज्याला वाचवा. मी गाडी तशीच पुढे नेली आणि नदीच्या अंगाने मागे गेले. पहारेकऱ्याने काच खाली करायला लावली आणि नाक मागे घेतलं.

"कक, तेम्पोयाक?"

"आईच्या पद्धतीचं आहे."

"अल्ला! जा, जा आधी आत." आंबवलेल्या दुरियानची बरणी बाजूच्या आसनावर पट्टा लावून बसवली होती; तीन तास गाडीत तिच्याबरोबर बसल्यामुळे मला तो वास येईनासा झाला होता.

मुदपाकाच्या पायऱ्या मागच्या बाजूला आहेत, लाकडी, नदीकडे तोंड करून. आई याच दाराने आली आणि मूल अंगावरून सुटल्यावर याच दाराने गेली. वाड्याला दुसरं दार पुढचं, सभामंडपाचं. तिथे चिटणीस असतो, तिथे खाली बसून दोन्ही तळवे कपाळाला लावायचे, आणि जे मागाल ते लिहून घेतलं जातं आणि सरकारकडे जातं. मुदपाकाच्या दाराने फक्त भूक आत न्यायची. मागणं न्यायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. एंगकूच्या आजोबांच्या काळी कोणा आचाऱ्याने वाढता वाढता जावयासाठी नोकरी मागितली, आणि म्हाताऱ्या सुलतानाने ताट सारलं, म्हणाले, आता हे अन्न राहिलं नाही. तेव्हापासून. आम्हा वाड्याशी नातं असलेल्यांना हे आईच्या दुधाबरोबरच मिळतं. फाएझा शहरातली, तिला वाटलं मागचं दार म्हणजे चोरदार. मी तिला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? विसरले असं मी स्वतःला सांगत होते, टोलनाक्यापर्यंत.

एंगकू आधीच येऊन बसला होता. मुदपाकातल्या त्या लांब टेबलाच्या टोकाला, करड्या सदऱ्यात, एकटा. स्वयंपाकीण बाई बरणी घेऊन पलीकडे गेली. मी डोक्यावरचं वस्त्र सोडलं, घडी केली, मांडीवर ठेवलं. मानेला वारा लागला. साठ वर्षांत मी कितीदा तिथे असं डोकं उघडं केलं असेल, पण त्या दिवशी मला प्रथमच वाटलं की ही जगातली एकच जागा आहे जिथे मी त्याला एंगकू म्हणते आणि तू म्हणते, आणि मी ती वापरायला आले आहे.

"वाळलीस कक."

"तू जाड झालास."

"बसून बसून. हलायची सोय राहिली नाही. हा सदरा बघितलास? कापडवाल्याला म्हटलं, कोणाचाच नसलेला रंग दे. निळा त्यांचा, हिरवा यांचा, लाल तिसऱ्यांचा. पिवळा माझा, बापजाद्यांचा, तर तो मोर्चेवाल्यांनी नेला! उरला हा. उंदराचा."

"शोभतो."

"शोभतो काय! परवा मशिदीत शिंक आली मला. रात्री टीव्हीवर दोन पक्षांनी तिचे दोन अर्थ लावले. आता शिंकतानासुद्धा मधोमध बघून शिंकतो." तो हसला, आणि मीही हसले, आणि हसता हसता (तुआन्कू, बदरुलसाठी) आलेलं गिळलं. स्वयंपाकिणीने काळा चहा आणला, तेम्पोयाक घालून कालवलेला मासा आणला, भात आणला. तो हाताने जेवू लागला. पहिला घास घेतल्यावर त्याने डोळे मिटले. (एंगकू, एक शब्द.) मी म्हणाले, "मीठ जास्त झालंय का?" तो म्हणाला, "नाही, आईसारखंच आहे." त्याने माझ्या आईला कधी दूधआई म्हटलं नाही, आईच म्हणायचा, आणि तिच्या कबरीवरची पहिली मूठ माती बदरुलची होती आणि दुसरी त्याची. (ज्या आईने तुला.) मी पाणी प्यायले. (ज्या आईने तुला पाजलं.) पुन्हा प्यायले. ते वाक्य गाडीत विरघळलं होतं ते इथे पुन्हा घट्ट होत होतं, कारण फाएझाचं रडणं खरं होतं, आणि बदरुल माझ्या पाठीवर वाढला होता, आणि मला तुरुंगाच्या भिंतीआडचा त्याचा आवाज ऐकू येत होता, पंख्यातून आल्यासारखा.

त्याने बोटं चाटली, हात धुतला, आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणत्या दाराने आलीस कक?"

"नेहमीच्या."

"हं." टॉवेलने त्याने एकेक बोट पुसलं. "तुला काही मागायचं असेल तर पुढून ये. मी खरंच म्हणतोय. बागेतून वळसा घालून जा. मी मंडपात जाऊन बसतो, चिटणिसाला बोलावतो, तू सांग. मी ऐकेन. लिहिलं जाईल, सरकारकडे जाईल, सरकार जे सांगेल ते तुला कळवीन. दुसऱ्या कोणालाही जसं कळवतो तसं. तुला नाही म्हणायचा मला हक्क नाही. पण इथे नको. इथे मागितलंस तर मला उद्यापासून हे जेवता येणार नाही."

"आणि तू स्वतःहून..."

"मी बोललो तर त्या न्यायाधीशांना दोन खटले ऐकावे लागतील. एक बदरुलचा, एक माझा." त्याने टॉवेल पुन्हा हातात घेतला. "शिक्षा झाली आणि पुढे माफीचा अर्ज आला, तर तो ज्या मंडळापुढे येईल तिथे मला बसायचंय. आज तोंड उघडलं तर त्या दिवशी कोणत्या तोंडाने बसू? माझ्याजवळ हेच आहे कक. गप्प बसणं. बाकी सगळं नावापुरतं."

आवाज सपाट होता, पण टॉवेल त्याने पिळला होता, कोरडा टॉवेल.

मी उठले. डोक्यावर वस्त्र घेतलं. वहाणा घातल्या. कारण मी बदरुलची बहीण आहे, आणि मला रस्ता दाखवला गेला होता, आणि दाखवलेल्या रस्त्याने न जाण्याचं मला कारण सापडत नव्हतं. बागेत ऊन होतं, खडी पायाखाली करकरत होती, जास्वंदीची कुंपणं एका मापाने कापलेली. वाड्याच्या कोपऱ्यावर एक जागा अशी आहे, मला ती लहानपणापासून माहीत होती, लपाछपीत राज्य घ्यायची आमची जागा, जिथून मागच्या पायऱ्याही दिसतात आणि पुढचा मंडपही. तिथे मी उभी राहिले. मंडपात एक माणूस खुर्ची सरळ करत होता. फाटकाच्या गजांपलीकडे दोन झाडांखालचे दोन घोळके, आणि सगळ्यांची तोंडं वाड्याकडे, न बोललेलं ऐकायला. आणि तिथे मला ते दिसलं. डोळ्यांतले थेंब तर कालच उतरले होते, तरी ते तसंच पांढरंधोप दिसलं. मी पुढे गेले आणि वाक्य बोलले, की त्याला उत्तर द्यावं लागणार. हो म्हणाला तर न्यायाधीशांचं काम संपलं. नाही म्हणाला तर तोही निकालच, गुरुवारच्या आधी लागलेला. दूधभावानेच टाकला म्हणतील, म्हणजे नक्की चोर. सरकारकडे पाठवतो म्हणाला तरी त्या पाठवण्याचा वास बाहेरच्या झाडांपर्यंत जाईल. तो काय म्हणतो याने काही फरक पडत नव्हता. माझं विचारणंच ते होतं. न विचारलेला प्रश्न तेवढा दोघांनाही शाबूत ठेवत होता, त्या मंडपातल्याला आणि त्या घरातल्याला, आणि तो न विचारणं ही जगात फक्त माझ्याच हातची गोष्ट होती, कारण दुसऱ्या कोणाचं विचारणं कोणी मोजलंच नसतं. माझ्या छातीत काहीतरी खाली बसलं. दुधाच्या भांड्याखालचा जाळ काढल्यावर वर आलेला फेस बसतो तसं.

मी वळले. खडी परत करकरली. मुदपाकात तो अजून बसला होता, मंडपाकडे जायला उठला नव्हता, किंवा उठून परत बसला होता, कारण खुर्ची तिरपी होती. मी पायऱ्या चढले, वस्त्र सोडलं, आणि म्हणाले, "माझ्या वाटणीचा मासा उरलाय का?"

त्याने सोडलेला श्वास मी ऐकला. एवढा मोठा माणूस, आणि खांदे असे खाली आले जसे परीक्षेचा पेपर हातातून काढून घेतल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांचे यायचे. तोही घाबरला होता. हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तो माझ्या न येण्याची वाट बघत होता.

"वाढा तिला," तो स्वयंपाकिणीला म्हणाला. मग भाताचं भांडं माझ्याकडे सारत, "त्याचा गुडघा कसा आहे?"

"दुखतो. जिना चढताना."

"माझाही. तोच, डावा." याहून जास्त त्याने बदरुलबद्दल काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. मी पोटभर जेवले.

बदरुलच्या घरी दार फाएझाने उघडलं. बूट काढेपर्यंतही तिने थांबू दिलं नाही. "काय म्हणाले?"

"मी विचारलं नाही."

तिने तोंडावर हात घेतला, मग काढला. "मग तीन तास गाडी हाकून केलंत काय तिथे?"

"जेवले."

"जेवल्या! ऐकलंत का हो? नवरा माझा तुरुंगात जायला निघालाय आणि तुमच्या बहीणबाई वाड्यावर मासे खाऊन आल्यात! काटे तरी आणायचे होते आमच्यासाठी!"

बदरुल आतल्या खोलीच्या दारात उभा होता, लुंगी, मळका बनियन. मला वाटलं तो ओरडेल. मी ओरडा खायला तयार होते, पाठ ताठ करून आले होते. पण त्याचा चेहरा विचित्र झाला. आधी मला कळलंच नाही की तो हसतोय, इतके महिने मी ते बघितलं नव्हतं.

"काय वाढलं होतं?"

"तेम्पोयाकमधला मासा. गुडघ्याचं विचारलं तुझ्या. त्याचाही डावाच दुखतो."

"बस?"

"बस."

तो भिंतीला टेकून खाली बसला, सावकाश, गुडघा सांभाळत. "बरं केलंस," तो म्हणाला. फाएझाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, त्याने हात वर केला. "थांब गं. तुला माहीत नाही. रोज सकाळी उठलो की पहिलं हेच डोक्यात. आज बोलेल. आज बोलेल तो. आणि बोलला तर? तुला वाटतं मी सुटलो असतो? जिथे जाईन तिथे म्हणाले असते, हा दुधावर सुटला. साठीचा माणूस मी, आईच्या अंगावर पिऊन सुटलो!" तो पुन्हा हसला, यावेळी नीट, आणि फाएझाही रडता रडता फिस्सकन हसली आणि आमच्यावर रागावून आत गेली. भांडी वाजली. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "कक, त्या टेकडीचा कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी वाचला नाही. सही केली. इतर कोणी काय घेतलं ते मला माहीत नव्हतं, हे खरं. विचारलं नाही, हेही खरं. याला काय म्हणतात ते मला ठरवता येत नाही. किती दिवस झाले."

"ठरवू नकोस," मी म्हणाले. "ते दुसऱ्याचं काम आहे."

आतून फाएझाने विचारलं, भात टाकू का, आणि तो हो म्हणाला, जरा जास्त टाक.

गुरुवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर गर्दी होती. बदरुलने इस्त्रीचा काळा कोट घातला होता, फाएझाने त्याचा हात धरला होता, मी मागे. एक तरुण कार्यकर्ता घोषणा देत आडवा आला, "तुआन्कू आमच्या बाजूने! तुआन्कू दातो बदरुलांच्या बाजूने!" आणि हार घालायला पुढे झाला. बदरुल थांबला. तीन तास बोलणारा माझा भाऊ. मला वाटलं आता भाषण. तो म्हणाला, "ते कोणाच्या बाजूने नाहीत रे पोरा. सरक, मला आत जायचंय."

आत गारवा होता. आम्ही बाकावर बसलो. पुढे वकील कागद जुळवत होते, सरकारी वकील पाणी पीत होता, आणि बाटलीचं झाकण त्याने दोनदा वाकडं लावलं. मला ते बघून फार बरं वाटलं. आमच्या वकिलाने जुळवलेले कागद पुन्हा सोडून पुन्हा जुळवले. बदरुल आरोपीच्या जागेत उभा राहिला आणि त्याने एकदा मान वळवून मागे बघितलं, सरळ माझ्याकडे. मग दार उघडलं, न्यायाधीश बाई आल्या, बुटक्या, जाड चष्म्याच्या, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांनी मला. आम्ही सगळे उभे राहिलो आणि बसलो. त्यांनी चष्मा सावरला, पहिलं पान उलटलं. निकाल काय लागेल ते मला माहीत नव्हतं. बदरुलला माहीत नव्हतं, बाहेर झाडांखाली बसलेल्यांना माहीत नव्हतं, वाड्यावर माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. मी हात मांडीवर ठेवले आणि ऐकू लागले.